बावीस मिनिटांची कात्री

१९७३ च्या अखेरीस मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये 'येस' या इंग्लिश बँडचा कार्यक्रम रंगात आला होता आणि बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन भर रंगमंचावर, वाद्यांच्या गराड्यात बसून चिकन विंदालू खात होता. ही हकीकत त्यानं स्वतःच पुढं अनेकदा रंगवून सांगितली आहे. कार्यक्रम झाल्यावर काय खाणार, असं मदतनिसानं विचारलं होतं. त्याच्या ऐकण्यात गफलत झाली आणि जेवण मध्येच येऊन दाखल झालं. वेकमनला त्या वेळी वाजवण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग तो जेवला.

वाजत होता तो अल्बम म्हणजे 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. गायक जॉन अँडरसनच्या हाती परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' पडलं होतं आणि त्यातल्या एका तळटीपेनं त्याला झपाटलं होतं. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं अशी शास्त्रांची विभागणी त्या टीपेत होती. दोन तबकड्यांच्या अल्बमलाही बाजू चारच. हिशेब जुळला! एका शास्त्राला एक बाजू, एका बाजूला एकच गाणं, एकूण ऐंशी मिनिटं. आपल्याकडे तळटीपेवर फार तर पीएच.डी. होते. वेकमनची तक्रार साधी होती: एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी असा ऐवज हातात होता, म्हणून पाणी घालून वाढवला. १९७४ मध्ये तो बँड सोडून गेला.

गंमत अशी, की याच मंडळींनी आदल्याच वर्षी 'क्लोज टू द एज' केला होता. त्यातलं शीर्षकगीतही अठरा मिनिटांच्या वर जातं, एक अख्खी बाजू खातं, आणि तरी त्यातला एकही तुकडा काढावासा वाटत नाही. माणसं जवळपास तीच, तयारी तीच, आध्यात्मिक खाजही तीच. मधल्या वर्षभरात एकच गोष्ट बदलली. त्यांना दुप्पट जागा मिळाली.

पॉप आणि रॉकच्या अल्बमांचा इतिहास सांगताना आपण प्रतिभावंतांची नावं घेतो. फार तर निर्मात्यांची, ध्वनिमुद्रकांची. माझ्या मते या कलेचा सगळ्यात मोठा संपादक एक निर्जीव वस्तू होती. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी बारा इंची तबकडी बाजारात आणली. एका बाजूला साधारण २२ मिनिटं. त्याहून जास्त भरता येतच नाही असं नाही. पण भरायला गेलं की खाचा एकमेकींना खेटतात, आवाज दबतो, बेसचा दम निघून जातो. सुई मध्याकडे सरकते तसा आवाजाचा कसही उतरतो, म्हणून बाजूचा शेवट दणदणाटाऐवजी शांत गाण्यानं करण्याकडे कल असे. आज आपण ज्याला गाण्यांची 'मांडणी' म्हणून वाखाणतो, तिच्यातला निम्मा सौंदर्यविचार असा भूमितीतून आलेला आहे.

मराठी कानाला हे काही नवीन नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीनं अब्दुल करीम खाँसाहेबांना सव्वातीन मिनिटांत राग उभा करायला लावला आणि त्या सक्तीतून जे निघालं ते आपण शंभर वर्षं ऐकतो आहोत. केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर ती आहे आणि तिच्याच सोबतीला चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे, तेही तीन मिनिटांच्या आतलं. परग्रहवासीयांपुढं मानवजातीनं निदान तेवढा तरी आटोपशीरपणा दाखवला.

बीटल्सचा पहिला अल्बम, 'प्लीज प्लीज मी', ३२ मिनिटांचा. त्यातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी ध्वनिमुद्रित झाली. लेननला सर्दी होती, म्हणून घसा फोडणारं 'ट्विस्ट अँड शाउट' सगळ्यात शेवटी घेतलं. तीन वर्षांनी आलेल्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये ३५ मिनिटांत चौदा गाणी आहेत. 'एलिनॉर रिग्बी' दोन मिनिटांत दोन एकाकी आयुष्यं सांगून मोकळं होतं. तेवढ्या वेळात पुढच्या पिढीतले बँड गिटार जुळवत असत. 'सार्जंट पेपर' थोर की 'रिव्हॉल्व्हर', हा वाद ज्यांना अजून खेळायचा आहे त्यांनी खेळावा. माझ्यापुरता तो मिटलेला आहे: 'पेपर'ला बँडचा गणवेश आहे, 'रिव्हॉल्व्हर'ला गाणी आहेत.

पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीला महाराष्ट्राचा म्हणून सूट द्यायचा मोह होतो, पण त्याला गरज नाही. क्वीनचा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' (१९७५) घ्या. त्यात लुटुपुटूचा ऑपेरा आहे, जुन्या नाट्यगृहांतला वात्रटपणा आहे आणि ड्रमरनं मोटारीवर लिहिलेलं प्रेमगीत आहे. इतका गोंधळ ४३ मिनिटांत संपतो, म्हणूनच तो उत्सव वाटतो. तासभर चालला असता तर शेजाऱ्यांनी तक्रार केली असती.

आता 'रूमर्स'. फ्लीटवुड मॅकचा हा अल्बम फेब्रुवारी १९७७ चा. जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचं लग्न मोडलेलं, लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स यांचं प्रेम आटलेलं, ड्रमर मिक फ्लीटवुडच्या घरीही काही बरं चाललेलं नव्हतं; आणि पाचही जण कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोच्या एकाच स्टुडिओत एकमेकांवर लिहिलेली गाणी एकमेकांना साथ देत गात होते. आपल्याकडे असं काही झालं असतं तर दोन्हीकडची मोठी माणसं बैठकीला बसली असती. त्यांनी त्याचा अल्बम केला आणि अमेरिकेत तो ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला.

त्या अल्बमसाठी निक्सनं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' नावाचं गाणं लिहिलं होतं. बकिंगहॅमवरच लिहिलेलं, शापवाणीसारखं. ते लांब होतं, संथ होतं, आणि तबकडीच्या बाजूत मावेना. ते काढलं आहे, ही बातमी फ्लीटवुडनं तिला स्टुडिओबाहेरच्या वाहनतळावर दिली. तिनं आरडाओरडा केला, तो तिनं स्वतःच मुलाखतींतून वर्णिला आहे. त्या जागी तिचंच एक जुनं, चटपटीत गाणं बसवलं, 'आय डोन्ट वॉन्ट टू नो', आणि त्याची तयारी बाकीच्यांनी तिला न सांगताच उरकलेली होती. 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'ची रवानगी एका छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला झाली. पुढच्या बाजूला होतं 'गो युअर ओन वे', म्हणजे बकिंगहॅमनं निक्सवर लिहिलेलं गाऱ्हाणं. एका बाजूला त्याची बाजू, दुसऱ्या बाजूला तिची. इतकी चोख न्यायव्यवस्था कुठल्या कौटुंबिक न्यायालयात पाहायला मिळत नाही.

या प्रकरणात कात्रीनं अन्याय केला, यात शंका नाही. कात्री शहाणी नव्हती. तिला संगीतातलं काही कळत नव्हतं, तिला फक्त मिनिटं कळत होती. मला विचारलं असतं तर मी 'ओह डॅडी' काढलं असतं आणि आजही काढीन. पण मिनिटांचा धाक नसता तर ते काढायचं की हे, हा प्रश्नच उभा राहिला नसता. दोन्ही राहिली असती, आणखी तिघांची चार राहिली असती, आणि भांडणाची धार त्या पसाऱ्यात बोथट झाली असती. कोणाला तरी दुखावल्याशिवाय अल्बम होत नाही. तबकडीनं दुखावण्याचं काम स्वतःकडे घेतलं, इतकंच. १९९७ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली तेव्हा निक्सनं तेच गाणं बकिंगहॅमच्या डोळ्यांत डोळे घालून गायलं. वीस वर्षं वगळलं गेल्याचा सगळा राग त्या गाण्याला नव्यानं उपयोगी पडला.

दुसरा साक्षीदार मायकल जॅक्सन. 'थ्रिलर'चं (१९८२) काम संपत आलं, तबकडीची चाचणी वाजली आणि निर्माता क्विन्सी जोन्सचा चेहरा पडला. बाजू फार लांब झाल्या होत्या, आवाज पिचका येत होता. प्रकाशनाची तारीख डोक्यावर असताना गाणी छाटून, एकेक करून पुन्हा मिसळावी लागली. जोन्सला 'बिली जीन'ची लांबलचक सुरुवातही कापायची होती. ऐकलं की नाचावंसं वाटतं म्हणून जॅक्सन अडून बसला, आणि सुदैवानं तो जिंकला. शेवटी उरली नऊ गाणी, ४२ मिनिटं. त्यांतली सात सुटी म्हणून निघाली आणि सातही गाण्यांनी अमेरिकेत पहिल्या दहांत जागा मिळवली. एका मुलीवरून जॅक्सन आणि पॉल मॅकार्टनी गोड गोड भांडतात ते 'द गर्ल इज माइन' मला कधी पटलं नाही. दोन कोट्यधीशांची भांडणं ऐकायला मजा येत नाही. तेवढं सोडलं तर अल्बममध्ये पाय ठेवायला रिकामी जागा नाही.

त्याच वर्षी, ऑक्टोबरात, जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली. चौऱ्याहत्तर मिनिटं. बेटहोवेनची नववी सिंफनी एका दमात मावावी म्हणून हा आकडा ठरला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नववी सिंफनी लिहिणारा माणूस उरलेल्या कलाकारांत नव्हता, ही अडचण राहिलीच. सीडी म्हणजे घराला मिळालेला माळा होता. टाकून द्यायची ती प्रत्येक वस्तू आता वर ठेवता येत होती.

१९८५ च्या डायर स्ट्रेट्सच्या 'ब्रदर्स इन आर्म्स'ची सीडी त्याच्याच तबकडीपेक्षा सात-आठ मिनिटांनी लांब होती, आणि दहा लाखांवर सीडी खपणारा तो पहिला अल्बम. रस्ता दिसला. जॅक्सननंही तो धरला: १९९१ चा 'डेंजरस' चौदा गाण्यांचा आणि ७७ मिनिटांचा. त्यात चांगली गाणी नाहीत असं कोण म्हणेल? पण ती शोधायला लागतात, आणि सापडल्यावर ती संपता संपत नाहीत. १९९५ चा 'हिस्टरी' तर दोन डिस्कांचा, एकीवर जुनी गाणी, दुसरीवर नवी. त्याच नावाच्या दौऱ्यात १ नोव्हेंबर १९९६ ला तो अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला, 'मातोश्री'वरही जाऊन आला. त्या रात्री अंधेरीला लोटलेली गर्दी दोन डिस्कांपैकी कोणत्या डिस्कवरची गाणी ऐकायला गेली होती, हे सांगायला नको.

त्या १९९१ च्या सप्टेंबरात एक छान प्रयोग आपोआप घडला. १७ तारखेला गन्स एन' रोझेसनं 'यूज युअर इल्यूजन' या नावाचे दोन अल्बम एकाच वेळी काढले, मिळून तीस गाणी, अडीच तास. 'डोन्ट क्राय' हे गाणं दोन्हींवर होतं, ध्रुवपद तेच, कडव्यांचे शब्द वेगळे. कुठले बरे हे ठरवण्याचं काम गिऱ्हाइकावर सोडलेलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी अ‍ॅक्सल रोझचा 'माय वर्ल्ड' नावाचा दीड मिनिटाचा प्रकार आहे, तो बँडमधल्या कोणाच्या घरच्यांनीही दुसऱ्यांदा ऐकला असेल असं वाटत नाही. बरोबर आठवड्यानं, २४ सप्टेंबरला, निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला. बारा गाणी, ४२ मिनिटं. जानेवारी १९९२ मध्ये त्यानं अमेरिकेच्या यादीत 'डेंजरस'ला खाली ढकललं आणि पहिली जागा घेतली. अर्थात सीडीचा मोह निर्वाणालाही सुटला नाही: शेवटच्या गाण्यानंतर दहा मिनिटं शांतता आणि मग अचानक एक लपवलेला गोंगाट. रिकामी जागा दिसली की माणूस तिथं काही तरी ठेवतोच.

या काळाचं स्मारक म्हणजे ओअ‍ॅसिसचा 'बी हिअर नाऊ'. ऑगस्ट १९९७, ७१ मिनिटं. ब्रिटनमध्ये पहिल्याच दिवशी चार लाखांवर प्रती खपल्या आणि समीक्षकांनी आरत्या ओवाळल्या. पहिलं गाणं विमानांच्या घरघरीनं सुरू होतं आणि साडेसात मिनिटं धावपट्टीवरच फिरत राहतं. 'ऑल अराउंड द वर्ल्ड' नऊ मिनिटांचं आहे. ते संपलं म्हणून सुटकेचा श्वास घ्यावा तर एका गाण्यानंतर तेच पुन्हा दोन मिनिटांसाठी परत येतं, छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखं नव्हे, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं. प्रत्येक सुरावर गिटारांचे इतके थर, की खाली चाल आहे की नाही ते कळू नये. नोएल गॅलघरनं नंतर हा अल्बम स्वतःच मोडीत काढला. २००६ मध्ये बँडची निवडक गाणी त्यानं 'स्टॉप द क्लॉक्स'मध्ये एकत्र केली, तेव्हा यातलं एकही घेतलं नाही. कात्री चालली, पण नऊ वर्षं उशिरा.

इथं कोणीही जाणता वाचक मला अडवेल. 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'सारख्या जोड-अल्बमचं काय? 'लंडन कॉलिंग'चं काय? आणि स्टीव्ही वंडरचा 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ'? १९७६ चा तो अल्बम दोन मोठ्या तबकड्यांतही मावला नाही, म्हणून सोबत चार गाण्यांची एक छोटी तबकडी द्यावी लागली. त्या वर्षाच्या सुरुवातीला ग्रॅमी घेताना पॉल सायमननं स्टीव्ही वंडरचे जाहीर आभार मानले होते: आदल्या वर्षी त्यानं अल्बम काढला नाही म्हणून. 'साँग्ज'मधून काही काढा असं कोणी म्हणालं तर मीच त्याला दाराबाहेर काढीन.

आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळं माझं म्हणणं जरा सरळ करून घ्यावं लागतं. लांबीशी माझं वैर नाही, फुकट मिळालेल्या लांबीशी आहे. जोड-अल्बमची किंमत जास्त असायची, कंपनी कटकट करायची, ग्राहक दुकानात उभा राहून पाकीट चाचपायचा. दुसरी तबकडी हवी असेल तर कोणाशी तरी भांडून ती मिळवावी लागे. 'व्हाइट अल्बम'च्या वेळी जॉर्ज मार्टिनला एकच सशक्त तबकडी हवी होती, बीटल्स ऐकले नाहीत. क्लॅशनं 'सँडिनिस्टा!' (१९८०) तीन तबकड्यांचा काढला, एकीच्या किमतीत विकायचा हट्ट धरला आणि त्यासाठी पहिल्या दोन लाख प्रतींवरचं मानधन सोडलं. तीन तबकड्यांतली दीड ऐकण्यासारखी आहे, पण उरलेल्या दीड तबकडीचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले, त्यामुळं बोलायची सोय नाही. सीडीवरच्या सतराव्या गाण्यासाठी असं कोणी काही भरत नव्हतं.

आणि मर्यादेतून आपोआप सोनं निघतं असाही माझा दावा नाही. साठच्या दशकातले कितीतरी अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि दहा भरताड. फरक एवढाच, की ते भरताड अर्ध्या तासात संपायचं.

आता आणखी एक पायरी पुढं. सीडीत लांबी फुकट होती. स्ट्रीमिंगमध्ये लांबीचे पैसे मिळतात. गाणं तीस सेकंद वाजलं की स्पॉटिफायच्या हिशेबात ते ऐकलं गेलं. डिसेंबर २०१४ पासून अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत दीड हजार वेळा वाजलेली गाणी म्हणजे एक अल्बम विकला, असं धरलं जाऊ लागलं. मग जितकी गाणी जास्त तितका आकडा मोठा. २०१७ मध्ये क्रिस ब्राउननं पंचेचाळीस गाण्यांचा, अडीच तासांवरचा अल्बम काढला. पुढच्या वर्षी ड्रेकचा 'स्कॉर्पियन' आला, पंचवीस गाणी, दीड तास. एड शीरनच्या एका अल्बममधली सोळाच्या सोळा गाणी ब्रिटनच्या पहिल्या वीसांत एकदम घुसली, तेव्हा तिथल्या यादीवाल्यांना एका कलाकाराची तीनच गाणी असा नियम करावा लागला. म्हणजे कात्री कोणीतरी चालवलीच, पण अल्बमवर नाही, यादीवर.

तरुण मित्र म्हणतात, कुरकुर कशाला? नको ते गाणं पुढं ढकला, आपली यादी आपण करा. कात्री आता ऐकणाऱ्याच्या हातात आहे. हे लोकशाहीचं बोलणं ऐकायला बरं वाटतं. पण ऐकणारा फक्त वगळू शकतो. 'रूमर्स'मध्ये एक गाणं बाहेर गेल्यानं दुसरं आत आलं, क्रम बदलला, बाजूचा तोल बदलला. ते काम गाणी करणाऱ्यांनाच आणि वेळेवरच करावं लागतं. मी 'बी हिअर नाऊ'मधली निम्मी गाणी उडवली तरी उरलेल्या गाण्यांतले गिटारांचे थर उतरत नाहीत. २०२१ मध्ये अडेलनं '३०' काढताना गाणी दिलेल्या क्रमानं वाजावीत असा आग्रह धरला आणि अल्बम उलटसुलट वाजवण्याचं बटण स्पॉटिफायनं दर्शनी जागेवरून हलवलं. जिला हे मागता येतं तिनं मागितलं. बाकीच्यांना बटणाबरोबर जगावं लागतं.

तबकडी परत आली आहे म्हणतात, आणि आकड्यांत ते खरं आहे: २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा जास्त तबकड्या खपल्या. बिली आयलिशचा २०२४ चा अल्बम दहा गाण्यांचा आणि ४३-४४ मिनिटांचा आहे. १९७३ मध्ये निघाला असता तरी एकाच तबकडीवर मावला असता, आणि ऐकताना ते जाणवतं.

पण त्याच वर्षी टेलर स्विफ्टनं काय केलं ते पाहा. 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' एप्रिलात मध्यरात्री आला, सोळा गाण्यांचा. दोन तासांनी आणखी पंधरा गाणी आली. एकतीस गाणी, दोन तास. दुकानातल्या आवृत्त्या मात्र चार, प्रत्येकीत ती सोळा आणि एकेक वेगळं जादा गाणं, म्हणजे चारही जादा गाणी घरात हवी असतील तर तोच अल्बम चारदा घ्या. जागेची टंचाई अशी परत आली, दुकानदाराच्या सोयीची होऊन. त्यात हळहळ अशी, की त्या एकतीसांत बारा गाण्यांचा एक अव्वल अल्बम दडलेला आहे. कोणती बारा, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे, फक्त 'द ब्लॅक डॉग'वर तडजोड नाही. आणि ते नेमकं त्या दुसऱ्या खेपेत, पहाटे दोनला, निम्मे ऐकणारे झोपल्यावर आलेलं आहे.